सरांची खिडकी

बाबा गेले त्या दिवशीही सकाळी त्यांनी दोन मुलांना अमेरिकेचा व्हिसा नाकारला होता. एकाला आपलं विद्यापीठ कोणत्या राज्यात आहे हे माहीत नव्हतं. दुसऱ्याला राज्य माहीत होतं, पण तिथं जाऊन काय शिकणार हे सांगता येईना. दोघांनाही बाबा म्हणाले, "पुन्हा या." मग डबा खाल्ला, बाकावर जरा आडवे झाले आणि उठले नाहीत.

माझे वडील अर्जुनराव कुठल्या वकिलातीत नोकरीला नव्हते. ते जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले विज्ञानाचे शिक्षक होते. माझा चुलतभाऊ अंगद केजला खताच्या दुकानाच्या वर 'सातासमुद्रापार करिअर अकॅडमी' चालवतो. अंगद स्वतः समुद्रापर्यंत एकदाच गेला आहे, अलिबागला. पण अर्ज भरण्यात तो वाकबगार आहे. विद्यापीठाला पाठवायचं निवेदन त्याच्याकडे तयारच असतं. त्यात मुलाला लहानपणापासून यंत्रांची ओढ असते, आणि त्याचे आजोबा कंदिलाच्या उजेडात विहिरीवरचं इंजिन दुरुस्त करत असतात. केज तालुक्यातले सगळे आजोबा पिढीभर इंजिनंच दुरुस्त करत होते आणि ती कधी दुरुस्त झाली नाहीत, असा परदेशातल्या प्राध्यापकांचा समज झाला असणार.

कागद जमायचे, पण मुलाखतीत पोरं गळपटायची. तेव्हा अंगदनं एका बुडालेल्या पतसंस्थेच्या लिलावातून रोखपालाची काचेची खिडकी आणली, अकॅडमीत बसवली आणि तिच्यामागं बाबांना बसवलं. काचेवर 'रक्कम मोजून घ्यावी, नंतर तक्रार चालणार नाही' असं लिहिलेलं होतं. ते खरवडायचं राहून गेलं.

बाबांनी ते काम फार मनावर घेतलं. माझ्या लग्नात शिवलेला कोट घालून ते वडापच्या जीपनं रोज केजला जायचे. मी पुण्याला एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. संध्याकाळी परतताना ते मला फोन करायचे आणि मलाच उमेदवार करून नवे प्रश्न घासूनपुसून बघायचे. मी कधी रोबोटिक्सला निघालेली असायचे, कधी जैवतंत्रज्ञानाला. ग्रंथालयातलं सगळं ज्ञान वापरूनही मला त्यांनी बहुतेक वेळा परत पाठवलं.

त्यांची पद्धत ठरलेली होती. प्रश्न आधी इंग्रजीत विचारायचा. पोरगं पाठ केलेलं घडाघडा म्हणून मोकळं झालं, की तोच प्रश्न मराठीत. जो विषय आठवीच्या पोराला मराठीत सांगता येत नाही तो इंग्रजीतही येत नसतो, असं त्यांचं म्हणणं. आणि निकाल दोनच, 'पुन्हा या' किंवा 'जा'. डेटा सायन्स कशाला घेतलं, तर "सगळेच घ्यायलेत सर" म्हणणाऱ्याला पुन्हा या. विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदवीवर शिक्षणानंतर तीन वर्षं नोकरी करता येते, हा नियम पोरांना विषयाच्या नावाआधी पाठ असायचा. त्यांनाही पुन्हा या. ऊसतोडीला जाणाऱ्या घरातली करिष्मा हुशार होती, गरीब होती, पण तिलाही दया म्हणून सूट मिळाली नाही. ती खिडकीवर इतक्यांदा आली की खतवाला तिला अकॅडमीची नोकर समजायचा. शेवटी 'जा' ऐकून गेली, आणि आता तिकडं पाण्याच्या शुद्धीकरणावर काम करते.

बाबांनी 'जा' म्हटलेलं एकही पोरगं मुंबईच्या वकिलातीतून नाकारलं गेलं नाही. कारण साधं होतं. तयार झालेल्यालाच ते सोडत. पण कारण साधं असलं की लोकांचं समाधान होत नाही. हळूहळू खिडकीलाच गुण आहे असं ठरलं. कुणाच्या तरी आईनं तिला हळदीकुंकू लावलं, मग नारळ येऊ लागले. सरांच्या तोंडून 'जा' निघाल्याशिवाय मुंबईला जायचं नाही, असा तालुक्यात शिरस्ताच पडला.

आणि बाबाच गेले.

मी गावी पोचले तेव्हा वेशीजवळ दोन फ्लेक्स शेजारीशेजारी लागले होते. एक युवराजचा, 'उच्च शिक्षणासाठी अमेरिकेस प्रस्थान, हार्दिक अभिनंदन'. दुसरा बाबांचा, 'भावपूर्ण श्रद्धांजली'. दोन्हींवर विजयसिंह अण्णांचा फोटो सगळ्यांत मोठा होता. फ्लेक्सवाल्यानं घाईत एकाच नमुन्यावरून दोन्ही छापले होते, त्यामुळं बाबांच्या डोक्यावरूनही एक विमान निघालेलं होतं. मी अंगदला ते उतरवायला सांगितलं. आई म्हणाली, "राहू दे बाई. बरं दिसायलंय."

विजयसिंह अण्णा आमच्या भागातले पुढारी. त्यांचं इंजिनिअरिंग कॉलेज आहे, आणि युवराज त्यांचा पुतण्या. तो त्याच कॉलेजात चारही वर्षं पहिला आला. अभिनंदनाचा फ्लेक्स, मिरवणूक, शाल, श्रीफळ सगळं उरकलं होतं. फक्त व्हिसा मिळायचा राहिला होता. बाबांनी त्याला तीनदा परत पाठवलं होतं. चौथ्यांदा तो येणार त्याच्या आधीच ते गेले, आणि त्याची मुंबईची तारीख पडली ती बाबांच्या तेराव्याच्या दुसऱ्या दिवशीची.

दहाव्याला नदीवर श्रद्धांजलीची भाषणं झाल्यावर अण्णा घरी आले. आईसमोर सतरंजीवर बसले आणि मला म्हणाले, "तेजश्री, तू सरांचं रक्त हायस. त्या खिडकीत बस आन् पोराला जा म्हण. माझा इश्वास न्हाई असल्यावर, पण त्याच्या आईनं अन्न सोडलंय."

"अण्णा, मला त्यातलं काही कळत नाही."

"तुला कळायचं काय हाय? जा म्हणायचं. दोन अक्षरं बी न्हाईत."

आई पदर सारखा करत म्हणाली, "विचार की. त्यांचं अर्धं राहिलेलं काम हाय."

मी हो म्हणाले ते आईसाठी. युवराज मात्र संध्याकाळी एकटाच आला, गाडी लांब लावून. दाढी कोरलेली, मनगटात कडं. अंगद नुकताच त्याच्या इन्स्टाग्रामवरून तलवारीनं केक कापतानाचे रील काढून मोकळा झाला होता. वकिलात आता तेही बघते म्हणे.

"ताई, उगं जा म्हणू नका," तो म्हणाला. "सरांनी विचारलं असतं तेच विचारा."

"काय विचारायचे तुला?"

"बाकी सगळं जमलं. एकावरच अडायचं. शिकून झाल्यावर परत येणार का?"

हा प्रश्न मला माहीत होता. व्हिसासाठी त्याचं उत्तर एकच असतं: येणार, घर आहे, शेती आहे, माणसं आहेत.

"ते तर तुला पाठ असेल."

"पाठ हाय. पण चकलांब्याला सोयरीक जमलीया माझी. भारतरावांची पोरगी, संस्कृती. अण्णानं त्यांना सांगितलं, पोरगा तिकडंच सेटल हुणार. त्या बोलीवरच जमलंय. सरांच्या कानावर दोन्ही आलतं. म्हणाले, यातलं खरं कोणतं ते ठरवून पुन्हा या."

"मग काय ठरवलंस?"

तो कड्याशी चाळा करत बसला. "त्या तारखेला मी काऊंटरवर हुबा राहीन आन् मला आतून म्हाईत असंल, की मी पास झालेलो न्हाई. ते नको वाटतंय."

"अण्णांना सांगितलंस, सर कशावर अडवत होते ते?"

"न्हाई. त्यांना वाटतंय माझं इंग्लिश कच्चं हाय."

तेराव्याला सकाळी अंगदचा फोन आला, "ताई, खिडकी टेम्पोत घातलीया." मला वाटलं दुरुस्तीला चाललीय. ती आमच्या दारात आली. अण्णांचं म्हणणं, लोक जमणारच आहेत, महाराजांचं कीर्तन व्हायला अवकाश आहे, तेवढ्यात उरकून घेऊ. सरांच्या फोटोसमोर झालेलं बरं. अंगदला यात अकॅडमीचं भविष्य दिसत होतं. खिडकी मांडवात व्यासपीठाशेजारी उभी केली, तिच्यामागं बाबांचा हार घातलेला फोटो ठेवला आणि फोटोशेजारी माझ्यासाठी खुर्ची. मंडपवाल्या सिदूनं कीर्तनाचा माईक आणून काचेच्या भोकाशी बांधला.

"हा कशाला?" मी विचारलं.

"मागच्यांना ऐकू याया पायजे की ताई. जेवणाऱ्यांना बी."

पुढच्या रांगेत पांढऱ्या टोप्या आणि कडक इस्त्रीचे शर्ट होते. भारतराव दोन गाड्या भरून माणसं घेऊन आले होते. मी अण्णांना बाजूला घेऊन म्हणाले, "हे लोकांत नको. तुमचीच अडचण होईल."

"लाजू नको," अण्णा म्हणाले. "सर काय कमी लोकांसमोर शिकवायचे?"

मी आत बसले. काचेतून मांडव जरा हिरवट दिसत होता. बाबा इतकी वर्षं या बाजूनं लोकांकडं बघत होते हे तेव्हा ध्यानात आलं, आणि मग त्याचा विचार करायचा नाही असं मी ठरवलं.

युवराज समोर उभा राहिला. विद्यापीठ, विषय, याआधी काय शिकलास. तो इंग्रजीत बोलला, मग मराठीत. पाऊस मोजणाऱ्या आकड्यांवरून पुढचा पाऊस कसा ताडायचा, हे त्यानं इतकं नीट सांगितलं की मागच्या पंगतीतला एक म्हातारा ओरडला, "मग यंदाचं सांग की बे!" सगळे हसले. गहिनीनाथ महाराजही टाळ मांडीवर ठेवून हसले.

मी तिथंच थांबू शकत होते. अंगद मागून हळूच म्हणाला, "ताई, बास. जा म्हणा अन् मिटवा." मी माईककडं तोंड नेलं.

युवराज काचेजवळ वाकला. "राहिलेला विचारा, ताई."

तो माईकमध्ये बोलला होता. सगळ्यांनी ऐकलं. मग मी इंग्रजीत विचारलं. त्यानं पाठ केलेलं उत्तर दिलं, वडिलोपार्जित जमीन, कुटुंब, मातृभूमीची सेवा, सगळं. अंगदचं इंग्रजी भारदस्त असतं. मांडवात टाळ्या पडल्या.

भारतरावांनी शेजारच्या पोराला कोपरानं ढोसलं. "काय म्हणला?"

पोरगं बीएस्सीचं असावं. "शिकून झालं की परत येणार म्हणला. कायमचा."

"कुठं परत?"

"हितंच. गावात."

भारतराव उठून उभे राहिले. "अण्णा, हे काय ऐकायलोय?"

अण्णांनी आयुष्यात बऱ्याच सभा सावरल्या आहेत. ते ताडताड पुढं आले, माईक स्वतःकडं वळवला आणि हसत म्हणाले, "बसा हो पाव्हणं! तसं म्हणावं लागतंय तिथं. सायबाला सांगायचं असतंय ते. खरं थोडंच हाय!"

हे चार दिशांच्या कर्ण्यांतून गावभर गेलं. गोठ्यात गेलं, शाळेत गेलं, सडकेवर थांबलेल्या एसटीत गेलं. व्हिसाच्या मुलाखतीत काय खोटं बोलायचं आहे हे इतक्या उघडपणे जाहीर करणारा दुसरा तालुका नसेल.

"मग खरं काय हाय?" भारतरावांनी विचारलं.

"तुमाला सांगितलं तेच."

"आन् सरकारला सांगायचं ते खोटं? मग आमाला सांगितलेलं बी कुणासाठी असंल काय म्हाईत!" त्यांच्या माणसांतून कुणीतरी "बरोबर हाय" म्हणालं.

अण्णा माझ्याकडं वळले. "तेजश्री, जा म्हण आन् मोकळी हो."

बाबांची पद्धत अजून पुरी झाली नव्हती. मी माईक आपल्याकडं ओढला आणि मराठीत विचारलं, "युवराज, शिकून झाल्यावर परत येणार का?"

आचाऱ्यानं बुंदीचा झाराही थांबवला. युवराजनं अण्णांकडं पाहिलं, भारतरावांकडं पाहिलं. दोघांपैकी एकाचं तरी समाधान करणं सोपं होतं.

"म्हाईत न्हाई, ताई," तो म्हणाला.

यापूर्वी त्यानं दिलेल्या सगळ्या उत्तरांपेक्षा हे उत्तर चांगलं होतं. पण हे घेऊन मुंबईला उभं राहता येत नाही, हेही खरं होतं. अण्णा डोळ्यांनी मला खुणावत होते. मी युवराजकडं बघत म्हणाले, "पुन्हा या."

माझा आवाज कर्ण्यांतून बाहेर आला तेव्हा तो माझा वाटला नाही. वेग तोच, शेवटचं अक्षर तसंच जरा लांबलेलं. स्वयंपाकघरातून आई कणकेच्या हातांनी धावत बाहेर आली आणि ओट्यावर उभी राहून मांडवात शोधू लागली. मग तिला मी दिसले. ती तशीच उभी राहिली.

खाली गोंधळ उडाला होता. भारतराव आपल्या माणसांना गोळा करत होते. अण्णा म्हणत होते, शिक्षकाच्या घरात बसून असला पोरकटपणा. एक कार्यकर्ता खिडकी उचलून टेम्पोत टाका म्हणत होता. महाराजांनी माईकचा ताबा घ्यायला बघितलं, "बसा मंडळी, देहाचा भरवसा न्हाई, तिथं व्हिसाचं काय घेऊन बसलात!" पण कुणी बसेना.

तेव्हा आई बोलली. ओरडली नाही. "पाव्हणं, तेराव्याच्या मांडवातून कुणी उपाशी उठत न्हाई. त्यांच्या नावाचं हाय. बसा."

यापुढं कुणाचं काही चाललं नाही. भारतराव बसले. अण्णा बसले. पत्रावळी कमी पडल्यामुळं दोघांना एकाच पंगतीत, शेजारीशेजारी बसावं लागलं. एकमेकांकडं न बघता दोघांनी बुंदी खाल्ली. भारतरावांनी दोनदा वाढून घेतली. जाताना ते आईच्या पाया पडले आणि अण्णांना म्हणाले, "सोयरिकीचं आता पोरगी म्हणंल तसं. तिला अजून आमी इचारलं बी न्हाई." हे त्यांनाही त्या क्षणी सुचलं असावं, असं त्यांच्या चेहऱ्यावरून वाटलं.

युवराज त्याच संध्याकाळी मुंबईला निघाला. सरांचं 'जा' न घेता निघालेलं तालुक्यातलं ते पहिलं पोरगं. गावातल्या बायका हळहळल्या. गाडी वेशीबाहेर जाईपर्यंत अण्णा माझ्याशी बोलले नाहीत, आणि नंतरही नाही.

व्हिसा मिळाल्याचं मला अंगदच्या स्टेटसवरून कळलं. खाली फटाके आणि हात जोडलेल्या आकृत्या होत्या. मी पुण्याला परतायची तयारी करत होते, बाबांचा कोट कुणाला द्यायचा यावर आई आणि मी आळीपाळीनं गप्प राहत होतो, तेवढ्यात युवराजचा फोन आला.

"ताई, मांजरसुंब्याला हाय. ढाब्यावर. अण्णानं हितंच थांबवलंय, गावातून गाड्या यायल्यात. मिरवणूक हाय परत."

"अभिनंदन."

"ताई, त्यांनी इचारलंच न्हाई."

"काय?"

"परत येणार का ते. विद्यापीठ कोणतं, खर्च कोण करतंय, एवढंच. बाई हसली बी. पासपोर्ट ठेवून घेतला. माझं उत्तर तोंडातच राहिलं. वाटेत गाडीत धा बारा डाव मोडून केलतं."

"म्हणजे ठरलं होतं तुझं?"

"ठरलंतं." मागं कुणीतरी चहाची ऑर्डर ओरडत होतं. तो बाजूला गेला असावा, आवाज कमी झाला. "ऐकता का? दुसऱ्या कुणाला सांगू?"

"सांग."

"ताई, मी कॉलेजात चारी वर्षं पयला आलो. का आलो ते मला अजून म्हाईत न्हाई. पेपर बरा गेल्ता म्हणून, का अण्णाचं कॉलेज म्हणून. कुणाला इचारायची बी सोय न्हाई. मला जन्मात पयल्यांदा नापास केलं ते सरांनी. तीनदा. अन् मग तुमी. तिकडं मला कुणी वळखत न्हाई. तिथं पास झालो तर मीच झालेलो असंन, नापास झालो तरी मीच. ते एकदा बघायचंय. परत येणार का, ते त्याच्या आधी सांगितलं तर खोटं हुईल. हे माझं उत्तर."

मी उमेदवार असते आणि फोनवर बाबा असते तर त्यांनी लगेच पुढचा प्रश्न टाकला असता. तो कोणता असता हे मी आठवून बघत होते, पण आठवण्यासारखं काही नव्हतंच. तो प्रश्न त्यांनी कधी विचारलेला नव्हता.

"सर काय म्हणले असते, ताई?"

त्याचं समाधान करणं सोपं होतं.

"मला माहीत नाही, युवराज," मी म्हणाले. "खरंच माहीत नाही. आता ते कळायचंही नाही."

पलीकडं फटाके फुटू लागले. माणसांचा गलका, गाड्यांचे हॉर्न. "आले," तो घाईनं म्हणाला. "ताई, लवकर सांगा. तुमचं काय?"

"माझं विचारशील तर जा."

तो काहीतरी म्हणाला. डीजे सुरू झाला होता, त्यामुळं मला ऐकू आलं नाही.